गूळ एक, साली तीन, पाणी दहा

मे महिन्यातल्या एका दुपारी अडीच वाजता आम्ही नवरा-बायको लातूरच्या गंजगोलाईत आहेराच्या साडीचा भाव करत होतो, तेवढ्यात नांदेडहून शेजाऱ्यांचा फोन आला.

"साहेब, तुमच्या घरात काहीतरी फुटलं बगा. लई मोठा आवाज झाला."

"सिलेंडर का?" माझा आवाज चिरकला.

"सिलेंडर असतं तर मी फोन कुठून केला असता?"

मराठवाड्यात धीर असाच देतात. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन आले होते. जाळ नाही, धूर नाही. "पण वास यायलाय," ते म्हणाले. कसला, म्हणून विचारलं तर जरा थांबले. हे शेजारी दारू पकडणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेत. आख्खी गल्ली त्यांना जमादार म्हणते. तीसेक वर्षं त्यांनी बिलोली-देगलूरपासून किनवट-माहूरपर्यंत ओढ्यानाल्यांतून भट्ट्या हुडकल्या. आवाज खाली आणून ते म्हणाले, "वास ओळखीचा हाय."

साडी राहिली बाजूला. बायकोच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, आरोप होता. "झाकणं सैल करून आला होतात ना?"

नव्हतो.

आता हे झाकण-प्रकरण सांगायला हवं. आमच्या सौ.च्या भिशीत कुणीतरी बायो-एन्झाइम नावाचं खूळ आणलं. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवाँग या बाईंनी हा प्रकार जगभर पोचवला, तो फिरत फिरत गोदावरीच्या काठी आमच्या ओट्यावर येऊन बसला. प्रमाण पाठ करायला सोपं: गूळ एक, साली तीन, पाणी दहा. फळांच्या साली आणि गूळ पाण्यात घालायचे, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचे, वर थोडी जागा ठेवायची आणि तीन महिने विसरून जायचं. मग गाळलं की फरशी, बेसिन, मोरी, काय वाट्टेल ते पुसा. फक्त पहिला महिना-दीड महिना रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाला घरात अशीच कामं मिळतात. करताना डोकं लागत नाही, पण विसरलं की डोकं खाल्लं जातं.

उन्हाळा असल्यामुळे मोसंबीच्या सालींना तोटा नव्हता. कोल्ड्रिंकच्या दोन-दोन लिटरच्या सात बाटल्या ओट्याखाली ओळीनं उभ्या राहिल्या. रोज सकाळी मी पेपर वाचायच्या आधी सातही झाकणं फिरवायचो. सात वेळा फुस्स व्हायचं. लातूरच्या लग्नाला निघालो त्या सकाळी रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि घरभर खिडक्या लावून आम्ही तीन दिवसांसाठी बाहेर पडलो. बाहेर पारा त्रेचाळीस.

परत आलो तेव्हा जमादार कुलूप उघडायच्या आधीच दारात उभे. मागे हात बांधलेले, मान किंचित पुढे. स्वयंपाकघरात एक बाटली फुटलेली, दोन लवंडलेल्या, आणि उरलेल्या चार फुगून इतक्या टम्म झालेल्या की बुडं गोल होऊन त्या डोलत होत्या. मोसंबीची एक साल छताला चिकटली होती. पंख्याच्या पात्यावर दुसरी. गुळाचं पाणी भिंतीवरून ओघळून मुंग्यांना नवा महामार्ग मिळाला होता.

जमादारांनी चपला बाहेर काढल्या, पण नजर खात्यातलीच. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली, हलवली, कानाला लावली. "रसायन हाय," ते म्हणाले.

"बायो-एन्झाइम आहे हो," सौ. म्हणाल्या.

"वहिनी, गूळ हाय का? पाणी हाय का? बुडबुडे यायलेत का? मग आमच्या पंचनाम्यात हे रसायनच."

ज्यांना मराठवाड्याच्या पेपरांची सवय आहे त्यांना हा शब्द नवा नाही. आतल्या पानावर आठवड्यातून एकदा बातमी असतेच: अमुक शिवारात गावठी हातभट्टीवर छापा, एवढे लिटर गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट, एवढ्या रुपयांचा मुद्देमाल. या बातम्यांतलं मला नेहमी कौतुक वाटतं ते किमतीचं. ओतून टाकायच्या मालाचाही आधी लिटरमागे दर लावतात. भंगारवाला आमच्या रद्दीला एवढा मान देत नाही. मी मनातल्या मनात आमची बातमी लिहून पाहिली: 'ओट्याखाली सात बाटल्या, निवृत्त कर्मचाऱ्यासह पत्नीची चौकशी, एक बाटली स्वतःच नष्ट.'

कायद्याचं म्हणाल तर तो कडक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम नाव बदलून महाराष्ट्राचा झाला, पण त्याचं ६५ वं कलम काही रिटायर झालं नाही. परवान्याशिवाय घरात दारू करणं गुन्हा, मग ती विकायची असो, प्यायची असो की पाहुण्यांना दाखवायची असो. पिणाऱ्यालासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो, म्हणून तर आपल्याकडे बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहितात. आमचा बेत मोरी धुण्याचा होता, त्यामुळे बायको निर्धास्त होती. पण गुळाला आणि पाण्याला आपण कुठल्या बेतासाठी एकत्र आलोय हे कोण सांगणार? ते एकत्र आले की आंबायला लागतात.

जमादारांनी स्वतःचीच एक फजिती सांगून आम्हाला सावरलं. अर्धापूरकडे केळीच्या बागेत त्यांना एकदा निळा दोनशे लिटरचा ड्रम दिसला. वर गोणपाट, आत गुळाचा वास, बुडबुडे. ड्रमजवळ जाऊन झाकण उचललं आणि डोळ्यांत पाणी आलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. शेतकऱ्यानं हात जोडले: "साहेब, जीवामृत हाय. प्यायचं असंल तर गाळून देतो." जीवामृताची शेती शिकवणाऱ्या सुभाष पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या पद्धतीचे ड्रम मराठवाड्यात बांधाबांधावर आले, आणि जमादारांच्या नाकाची परीक्षा दुप्पट अवघड झाली. "तवापासून आधी वास, मग शिट्टी," ते म्हणाले.

बाटली का फुटली याचं शास्त्र मला त्या दिवशी कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी सांगितलं.

साडूभाऊ एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशनला आहेत. म्हणजे जी गोष्ट आमच्या ओट्याखाली घडली ती ते रोज लाख-लाख लिटरच्या टाकीत, पगार घेऊन, सरकारी सीलबंद कुलपांच्या देखरेखीत घडवतात. मळीत पाणी, पाण्यात यीस्ट. बाहेर पडतं ते इथेनॉल आणि ते पेट्रोलमध्ये जातं. म्हणजे आमच्या बाटलीला गुन्ह्याचा वास आणि त्यांच्या टाकीला राष्ट्रीय धोरणाचा. त्यांनी छताला चिकटलेली साल पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला: "टेंपरेचर किती होतं?"

"कशाचं?"

"आतलं हो. बाहेरचं कोण विचारतंय?"

नांदेडात मे महिन्यात बाहेरचं कुणी न विचारणं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग ते खुर्चीत बसले आणि यीस्टबद्दल बोलू लागले. माणूस सासऱ्यांबद्दलही एवढ्या आदरानं बोलत नाही. यीस्टला तीस ते तेहेतीस अंश लागतात. पस्तिसाच्या वर गेलं की त्याची कुरकुर सुरू होते, चाळीसच्या आसपास ते अंग टाकतं. मग साखर तशीच पडून राहते, वास भलताच सुटतो, आणि आंबट जंतू येऊन जागा बळकावतात. त्यातली मेख अशी की यीस्ट साखर खाताना स्वतःच तापतं. मिसळ खाताना आपल्याला घाम फुटतो ना, तसं. दोन लिटरच्या बाटलीत ही उष्णता अंगावरून निघून जाते. लाख लिटरच्या टाकीत ती जाणार कुठं? सोडून दिलं तर यीस्ट स्वतःच्याच जेवणाच्या घामात मरतं.

"तुमचं यीस्ट मेलं नाही," साडूभाऊ बुड सुटलेली बाटली हातात घेऊन म्हणाले. "बंद घरात अडतीसच्या आसपास असणार. मरायच्या आधी जी धावपळ होते ती झाली. शंभर ग्रॅम गूळ पुरता आंबला तर पंचवीस लिटरच्या आसपास वायू निघतो. तुमच्या बाटलीत मोकळी जागा किती? अर्धा लिटर. झाकण घट्ट. मग काय, मोसंबी छतावर."

वजनात पाहिलं तर साखरेचा जवळजवळ निम्मा भाग वायू होऊन उडून जातो. हे ऐकल्यावर सौ.नी गुळाचा भाव आठवून जो सुस्कारा सोडला, तोही त्यात धरायला हरकत नाही.

साडूभाऊंच्या कारखान्यात यीस्टची सरबराई कशी होते ते ऐकून मला आमच्या बँकेतल्या नोकरीची कीव आली. टाकीतलं गरम द्रावण सारखं बाहेर काढून पत्र्यांच्या चळतीतून फिरवतात. एका बाजूनं द्रावण, दुसऱ्या बाजूनं गार पाणी. मग ते तापलेलं पाणी कूलिंग टॉवरवर चढवून वरून शिंपडतात, वारा लागून थोडं उडून जातं आणि उरलेलं गार होतं. यीस्टसाठी एवढा थाट, आणि साडूभाऊंच्या टेबलाशी? एक टेबल फॅन, तोही मान न हलवणारा.

"मग मे महिन्यात तुमची धांदल होत असेल," मी म्हटलं.

"मे? मे आमचा सोन्याचा," ते म्हणाले. "आमचा वैरी जून."

हे मला पटेना. त्रेचाळीस अंशांत ज्याचं भागतं तो चौतीसला का घाबरेल? मग त्यांनी आमच्या खिडकीत लावलेल्या कूलरकडे बोट दाखवलं. खस लावलेला, पत्र्याचा, सुरू केला की घर हेलिकॉप्टरसारखं थरथरतं तो. पाणी उडताना गारवा देतं. हवा कोरडी असेल तर ते झपाझप उडतं. त्रेचाळीस अंश आणि हवेत आर्द्रता जेमतेम पंधरा टक्के असेल, तर पाणी उडून उडून बावीस-तेवीसपर्यंत खाली येऊ शकतं. मृगाच्या चार सरी पडल्या, पारा चौतीसवर उतरला, पण आर्द्रता सत्तर टक्के झाली, की तेच पाणी एकोणतीसच्या खाली जायला तयार नाही. लोक म्हणतात, वा, गार झालं. टॉवर म्हणतो, माझं संपलं. आणि टाकीतलं यीस्ट पस्तिसाकडे सरकायला लागतं.

मला एकदम साक्षात्कार झाल्यासारखं झालं. म्हणजे जूनमध्ये आमचा कूलर जो चिकट, दमट, मासळी बाजारासारखा वारा सोडतो आणि ज्याच्यावरून दरवर्षी आमच्यात 'खस बदला', 'मोटर बदला', 'घर बदला' अशी वाढती भांडणं होतात, तो दोष कूलरचा नव्हेच! पंचवीस वर्षं मी खस बदलत आलो. बदलायला हवी होती ती मृग नक्षत्राची तारीख. माठाचंही तेच. मेमध्ये माठातलं पाणी दातांना झोंबतं आणि पाऊस लागला की माठ नुसता शोभेला.

साडूभाऊंना आपल्या धंद्याचा अभिमान आहे. पाश्चर मूळचा आपल्या लाइनचा, असं ते सांगतात. आणि ते खरंही आहे. १८५६ साली फ्रान्समधल्या लील गावात बीटापासून अल्कोहोल काढणारा बिगो नावाचा एक कारखानदार होता. टाक्या नासायला लागल्या म्हणून तो आपल्या मुलाच्या प्राध्यापकाकडे गेला. प्राध्यापक म्हणजे लुई पाश्चर. त्यानं नासलेल्या टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि यीस्टच्या गोल कणांऐवजी त्याला भलतेच बारीक जीव दिसले. जंतूंची पुढची सगळी कथा त्या नासक्या टाकीपासून सरकत गेली. "नासलं म्हणून शोध लागला," साडूभाऊ म्हणाले आणि आमच्या छताकडे आशेनं पाहू लागले. तिथे मोसंबीची साल वाळली होती, एवढाच शोध लागला.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं यावर बैठक बसली. साडूभाऊंनी खिशातून थर्मामीटर काढला. कारखान्यातला, लांब काचेचा. त्यांचं म्हणणं: बाटल्या मोरीत ठेवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट दिवसातून चारदा भिजवा, दर सहा तासांनी वाचन घ्या आणि वहीत लिहा. गोणपाट भिजवायचं म्हटल्यावर सौ. लातूरच्या माहेरपणाला जागल्या. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत लातूर स्टेशनात शिरली, तो दिवस त्यांच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. रेल्वेनं पाणी आलेल्या गावची लेक बाटलीच्या अंगावर पाणी ओतणार? "पाणी पिण्याचं असतं," त्या म्हणाल्या. "मुसंब्याच्या सालींना कशाला नहाण घालायचं?"

जमादार हे सगळं दारातून ऐकत होते. ते आत आले, एक बाटली घेऊन पुन्हा कानाला लावली. साडूभाऊंना ते पाहून हसू आलं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"ही तापलीय. आवाज रटरट यायलाय. ती कोपऱ्यातली बसलीय, तिच्यात आता दम नाही. आणि हे," मधली बाटली नाकाशी नेत जमादार म्हणाले, "आंबट व्हायलंय. परवापातूर ठीक होतं."

साडूभाऊंनी थर्मामीटर घातला. कानाला रटरट ऐकू आलेली साडेसदतीस. कोपऱ्यातली पस्तीस. मधल्या बाटलीत त्यांनी लिटमसचा कागद बुडवला, तो लालभडक. त्यांनी तिन्ही बाटल्या पुन्हा तपासल्या. मग जमादारांना बसायला खुर्ची दिली आणि पहिल्यांदाच 'सर' म्हणाले.

मग जमादार खुलले. भट्टीवाले रसायन कुठं लपवतात, हे त्यांना सूर्यावरून कळायचं. उन्हाळ्यात ओढ्याच्या काठाला, करंजीच्या सावलीत, ड्रम अर्धा वाळूत पुरलेला असायचा, कारण ओली वाळू गार. हिवाळ्यात तेच ड्रम उकिरड्यात, शेणाच्या ढिगात, कारण ढीग आतून तापलेला. किनवटच्या रानात मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पडतात, म्हणून तिकडचा सडवा नेमका उन्हात आंबतो आणि लवकर आटोपतो. सीमेकडच्या गावांत शिंदीचं झाड असलं तर भट्टीचीही गरज नाही. पहाटे उतरवली तर नीरा, दुपारी उघडली तर शिंदी. "मदल्या चार तासांत केसच बदलते," जमादार म्हणाले. पहाटे सरबत पिणाऱ्याला दुपारी कोर्टात कसं उभं करायचं, हा प्रश्न त्यांना नोकरीभर सुटला नाही.

मी ऐकत होतो आणि एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. आंबवण्याच्या तापमानाबद्दल या जिल्ह्यात एवढं कुणालाच ठाऊक नसेल. आणि या गृहस्थांनी आयुष्यभर केलं काय? ते ओतून दिलं.

बाटल्या शेवटी माठाशेजारी गेल्या. माठाखालची वाळू ओली असतेच, तिच्यात निम्म्या पुरल्या. वेगळं पाणी लागलं नाही, म्हणून सौ. खूश. वाचनं घेता आली, म्हणून साडूभाऊ खूश. जमादार रोज सकाळी पेपर मागायला येऊन आधी वाळूपाशी वाकायचे. मला झाकणांच्या कामावरून काढून टाकण्यात आलं.

हिवाळ्यात उलटीच तऱ्हा. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूरकडे येळवस असते. वेळ अमावस्या म्हणा हवं तर, पण तसं म्हटलं की समोरचा तुम्हाला पुण्याचा समजतो. त्या दिवशी लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं होतं. सगळे शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून दोन-तीन दिवस आधी आंबत घालायचं. मात्र डिसेंबरात लातूरची रात्र दहा-बारा अंशांवर उतरते, आणि तेवढ्या थंडीत आंबील आंबायचं नावच काढत नाही.

साडूभाऊ थर्मामीटर घेऊन सासुरवाडीला पोचले होते. सासूबाईंनी मडकं गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलेलं. त्यांनी थर्मामीटर घालू दिला नाही. "ताप आल्यासारखं काय तोंडात काडी घालता?" त्या म्हणाल्या. रात्री दोनदा उठून त्यांनी मडक्याला हात लावून पाहिला आणि एकदा गोधडी काढून घेतली. साडूभाऊ अंथरुणातून हे पाहत होते. सकाळी म्हणाले, "आमच्या शिफ्टला अशी माणसं मिळत नाहीत."

येळवस झाली. निघताना सासूबाईंनी डबाभर आंबील बांधून दिली. आलं-लसूण-जिरं, वर कोथिंबीर. नांदेडला उतरल्यावर त्यातली तांब्याभर जमादारांना नेऊन दिली. त्यांनी तांब्या आधी कानाला लावला, मग नाकाला, मग घोट घेतला. डोळे मिटून बराच वेळ गप्प राहिले.

"मडकं चुलीपाशी होतं?"

"हो."

"मदे फिरवलं नाही. एका अंगानं जादा आंबलंय बगा," ते म्हणाले आणि उरलेली सगळी पिऊन तांब्या पालथा घालून दाखवला. पंचनाम्याची सवय.